जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक: आईला घेऊन एवढं खाली उतरणं जमेल का?

अपर्णा_आनंदनगर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं काय विचारायचंय ते कळेल.

आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वाटी बदलली. डावा अजून तिचाच आहे आणि कुरकुरतो. घरात काठीशिवाय फिरते, बाहेर काठी लागते. आम्ही कोथरूडला, आनंदनगर स्थानकापासून दहा मिनिटांवर राहतो. तिचं माहेर शुक्रवार पेठेत, मंडईच्या अगदी मागे. वाडा कधीच पडला, तिथे आता इमारत आहे. पण तिला एकदा मंडईत जाऊन स्वतःच्या हाताने भाजी निवडायची आहे. ऑपरेशन झाल्यापासून हे एकच मागणं आहे तिचं.

रिक्षाने एकदा निघालो होतो. लक्ष्मी रस्त्यापर्यंत पोचेस्तोवर धक्क्यांनी तिची पाठ धरली आणि अर्ध्यातून परत आलो. त्या दिवशी ती रात्री जेवली नाही. पाठ दुखत होती म्हणून नव्हे, हे मला कळत होतं.

आता मेट्रो थेट मंडईला जाते. आनंदनगरहून वरच्या मार्गाने जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून भुयारी मार्गाने कसबा पेठ आणि मग मंडई. पण ते न्यायालय स्थानक फार खोल आहे असं सगळे सांगतात. लिफ्टने पूर्ण जाता येतं का? चालावं किती लागतं? आणि "जमिनीखाली माझा जीव गुदमरेल" असं आई म्हणते, तर तिला काय सांगू?

टांगेवाला

ताई, जमेल. माझ्या वडिलांना (८२) नेलं आहे. सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ सोडून जा.

सह्याद्रीपुत्र

मी उलटा सल्ला देतो. डेक्कन जिमखाना स्थानकात उतरा आणि तिथून रिक्षा करा. लकडी पूल ओलांडला की मंडई काही लांब नाही. दोन-दोन गाड्या, दोन-तीन लिफ्ट, एवढी यातायात ७८ वर्षांच्या बाईने का करायची? मेट्रो मलाही आवडते, पण म्हाताऱ्या माणसाला दारापर्यंत नेतं ते वाहन चांगलं.

अपर्णा_आनंदनगर

@सह्याद्रीपुत्र, विचार केला होता. पण लक्ष्मी रस्त्याचा तोच पट्टा येतो ना मध्ये, जिथून आम्ही परत फिरलो.

शुक्रवारपेठी

तुमच्या आई शुक्रवारातल्या म्हणजे आमच्याच की! कोणता वाडा ते इथे विचारत नाही, पण त्यांना सांगा, मंडईचा तो दगडी मनोरा अजून तसाच उभा आहे. स्थानकातून बाहेर पडलं की चार पावलांवर मंडई. रिक्षा मंडईपर्यंत आली तरी आत शिरायला तेवढंच चालावं लागतं. माझं मत मेट्रोला.

वकीलबाई

मी त्या स्थानकातून आठवड्याचे पाच दिवस जाते-येते, कारण कामच शेजारी. तेव्हा सविस्तर सांगते.

वरची गाडी उंच पुलावरच्या फलाटावर येते, खालची जमिनीखाली. स्थानकाचा सर्वात खोल भाग जमिनीपासून ३३.१ मीटर आहे. दहा मजली इमारत जमिनीत उलटी गाडल्यासारखं समजा. देशातल्या सर्वात खोल मेट्रो स्थानकांमध्ये त्याची गणती होते. पण तुम्हाला हे अंतर पायांनी उतरायचं नाही. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत. एकाच लिफ्टने वरच्या फलाटावरून खालच्या फलाटावर पोचत नाही, लिफ्ट बदलावी लागते आणि दोन लिफ्टच्या मध्ये थोडं चालावं लागतं. तेवढ्या चालण्यासाठी काठी असू द्या. तिकीट एकच चालतं, मध्ये बाहेर पडायचं नाही. आई चालून दमल्या तर कर्मचाऱ्यांना सांगा, व्हीलचेअर आणून देतात. संकोच करू नका.

आता गुदमरण्याचं. तिथेच खरी गंमत आहे. या स्थानकाचं छप्पर असं केलंय की ऊन सरळ खाली फलाटावर येतं. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा खाली अंधार आणि ट्यूबलाइट असणार असं धरून चालले होते. दुपारची वेळ होती. फरशीवर उन्हाचा लांब पट्टा पडला होता आणि एक लहान मुलगा त्या पट्ट्याच्या कडेकडेने एका पायावर उड्या मारत होता. वर पाहिलं तर डोळे दिपले. आईंना दुपारी न्या आणि फलाटावर पोचलात की वर बघायला सांगा. बाकी काही समजवावं लागणार नाही.

टांगेवाला

@वकीलबाई, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आता सरकता जिना झाल्यामुळे पायरीच माणसाला चढवते! 😄

वकीलबाई

@टांगेवाला 😄 हे उद्या बाररूममध्ये सांगणार, तुमच्या नावाने.

पण पायरीवरून आठवलं. तालुक्याहून तारखेला येणारी माणसं आता पिंपरीपर्यंत एसटीने येतात आणि तिथून मेट्रो धरतात. परवा एक आजोबा सरकत्या जिन्यापाशी अडले होते. धोतर, टोपी, काखेत कागदांची पिशवी. जिना समोरून वाहतोय आणि त्यांचा पाय उचलत नाही. मागे रांग लागली, पण एकाने "चला चला" केलं नाही. कॉलेजची एक पोर पुढे झाली, त्यांचा हात धरून म्हणाली, "आबा, पिवळ्या रेघांच्या मधोमध पाय ठेवा, मी आहे." खाली उतरल्यावर त्यांनी पिशवीतून पेरू काढून तिला दिला. पोरीने तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. (स्थानकात खायचं नसतं, पण तिला कुणी काही बोललं नाही.)

चालतीबोलती

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अपर्णा, तुमच्यासाठी थोड्या सूचना.

सरकता जिना टाळा, लिफ्टच घ्या. गुडघा बदललेल्या माणसाला उभं राहायला त्रास नसतो. जिन्यावर पाऊल टाकताना आणि उतरताना जो क्षण असतो, तो अवघड जातो, कारण पायाखालची फरशी हलत असते आणि तोल सावरायला वेळ मिळत नाही. त्यात साडी. निऱ्या सरकत्या जिन्याच्या दातांत अडकण्याची भीती खरी आहे. आई साडी नेसत असतील तर त्या दिवशी निऱ्या बोटभर वर घ्या आणि पदर खोचून घ्या.

कुठे चार-सहा साध्या पायऱ्या आल्याच तर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. आपल्याकडे बरेच जण नेमकं उलट करतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. तुमच्या आईंचा दुखरा पाय आता डावा, म्हणजे काठी उजव्या हातात.

आणि खोल गेल्यामुळे श्वासाला काही होत नाही. ३३ मीटर म्हणजे हवेच्या दृष्टीने काहीच नाही. जीव घाबरतो तो बंदिस्त वाटल्यामुळे. हात धरा आणि गप्पा मारत राहा.

सह्याद्रीपुत्र

वकीलबाईंचा प्रतिसाद आवडला, पण माझा मूळ मुद्दा राहतोच. मुळात एवढं खोल नेलंच कशाला? वनाझ–रामवाडी मार्ग पुलावरून जातोय, त्याचं काही बिघडलं का? हाही तसाच नेला असता तर म्हाताऱ्या माणसांना दहा मजले खाली-वर करावं लागलं नसतं आणि पैसेही वाचले असते. पाच भुयारी स्थानकं झाली: शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. प्रत्येक ठिकाणी खाली उतरा, पुन्हा वर चढा. जिना आणि लिफ्ट चालू आहेत तोवर ठीक. एका मोठ्या शहरात (नाव नको) माझ्या सासूबाईंना भुयारी स्थानकात लिफ्ट बंद मिळाली होती. सत्तरीच्या बाईला शंभरच्या वर पायऱ्या चढाव्या लागल्या. मी सोबत होतो, त्यांची दर दहा पायऱ्यांना होणारी धाप मी ऐकली आहे. म्हणून बोलतो.

खडकफोड्या

@सह्याद्रीपुत्र, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. लिफ्ट चालू असणं ही भुयारी स्थानकाची पहिली अट आहे, यात दुमत नाही. पण "एवढं खोल कशाला" याचं उत्तर आहे. मी भुयारांच्या कामात २० वर्षं काढली आहेत (पुण्याच्या या कामात नव्हतो), म्हणून सांगतो.

पहिलं कारण मुठा नदी. न्यायालय आणि कसबा पेठ यांच्या मध्ये नदी आहे आणि गाडी तिच्या तळाच्या खालून जाते. भुयाराच्या डोक्यावर पुरेसा अखंड खडक ठेवावाच लागतो. आता मेट्रोची गाडी काही घाटातली एसटी नव्हे. तिला उतार दिला जातो तो शंभर मीटरला फार तर तीन-चार मीटर. स्थानक नदीपासून थोड्याच अंतरावर, तेव्हा गाडी स्थानकात उथळ ठेवून नदीपाशी एकदम खाली बुडवता येत नाही. स्थानकच खाली न्यावं लागतं.

दुसरं कारण पेठा. कसबा, बुधवार, शुक्रवार इथे वरून पूल कुठून नेणार? गल्ली दोन हात रुंद, दोन्ही बाजूंना वाडे. शनिवारवाडा तर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू, तिच्या भोवती १०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी. जुन्या वाड्यांचे पाये दगडमातीचे, कुठे आड, कुठे तळघर. यांना धक्का लागू द्यायचा नाही म्हणजे खालच्या काळ्या पाषाणातूनच जायला हवं. आपला बेसाल्ट फोडायला कष्टाचा, पण एकदा भुयार पडलं की छत्रीसारखा वर उभा राहतो.

भुयार खणणाऱ्या यंत्रांना, म्हणजे टीबीएमना, इथे मुठा, मुळा, पवना अशी नद्यांची नावं दिली होती. मला ते फार आवडलं होतं. पात्याचं चाक कातळावर घासत राहतं, मागे भुयाराला काँक्रीटच्या कड्या बसत जातात आणि वर चुलीवर दूध तापवणाऱ्या बाईला पत्ता नसतो.

न्यायालय स्थानकाला जागा मोकळी मिळाली, हे नशीब. तिथे पूर्वी सरकारी धान्यगोदाम होतं. वरून मोठा खड्डा घेता आला म्हणून छताला उजेडाची वाट ठेवता आली. कसब्यात ते शक्य नव्हतं.

शुक्रवारपेठी

@खडकफोड्या, "दूध तापवणाऱ्या बाईला पत्ता नसतो" हे आमच्या घरी झालंय. यंत्र आमच्या भागाखालून जाणार म्हणून आजी रोज फडताळातल्या काचेच्या बरण्यांना हात लावून बघायची. एक दिवस कळलं की यंत्र पुढे गेलंसुद्धा. तिला चक्क चुटपुट लागली.

एक मात्र नोंदवतो. कसब्यातलं स्थानक व्हायला तिथल्या काही कुटुंबांना घरं सोडावी लागली. न्यायालयाजवळच्या कामगार पुतळा वस्तीतली माणसंही लांब गेली. मी गाडीत बसतो तेव्हा त्यांची आठवण येते. आपण सगळ्यांनी ठेवावी.

गिरगावकर_मुलगी

शुक्रवारपेठी, अगदी मनातलं बोललात. मी मुंबईची. आमच्याकडची मेट्रो ३, आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातलं आरे सोडून सगळी भुयारी. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला. गिरगाव आणि काळबादेवी ही दोन स्थानकं गर्दीच्या जुन्या वस्तीत असल्यामुळे वरून सबंध खड्डा न घेता, आधी विहिरीसारखा खड्डा खणून मग आतून बोगद्यासारखी कोरत नेली आहेत. माझ्या आत्याची चाळ त्यात गेली. आत्या स्थानकात आली तेव्हा फलाटावर उभी राहून वर बोट दाखवून म्हणाली, "इथे वर आमचा नळ होता." तो नळ नेमका तिथेच होता का, कोण सांगणार. पण मी हो म्हटलं.

अपर्णा, न्या आईला. मुंबईच्या लोकलच्या गर्दीत जिंदगी काढलेल्या माझ्या आईला भुयारी मेट्रोत बसल्यावर पहिला प्रश्न पडला, "अगं, हे लोक ढकलत का नाहीत?"

कोलकातावासी

अवांतर करतो, माफी असावी. नोकरीमुळे १५ वर्षं कोलकात्यात आहे. देशातली पहिली मेट्रो इथली, २४ ऑक्टोबर १९८४, एस्प्लनेड ते भवानीपूर. तेव्हा वरून रस्ता उकरून, खाली डबा बांधून पुन्हा रस्ता झाकत असत. ते स्थानक म्हणजे दोन जिने उतरलं की फलाट. आता हावडा मैदान–एस्प्लनेड मार्ग हुगळीच्या खालून जातो. नदीखालचा पट्टा साधारण ५२० मीटरचा. तो भाग आला की डब्यात निळे दिवे दिसतात आणि लहान मुलं "जोल! जोल!" म्हणून ओरडतात.

आणि योगायोग पाहा, हावड्याचा मार्ग आणि पुण्याचा रुबी हॉल–रामवाडी टप्पा, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, ६ मार्च २०२४ ला, आणि दोन्ही कोलकात्यातूनच. त्या दिवशी ऑफिसात मी एकटाच दोन्हींसाठी पेढे वाटत होतो.

टांगेवाला

@कोलकातावासी, पेढे की संदेश?

कोलकातावासी

@टांगेवाला, पेढे! आईने साताऱ्याहून पाठवलेले कंदी पेढे. बंगाली मित्रांनी कागदही पुसून खाल्ला.

लंडनची_सून

इथे लंडनमध्ये एंजल नावाच्या स्थानकात जवळजवळ साठ मीटर लांबीचा सरकता जिना आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी सासऱ्यांचा हात घट्ट धरला होता. आधार त्यांना द्यायचा होता, मिळाला मलाच. इथला नियम मात्र फार चांगला: उभं राहणाऱ्याने उजवीकडे, घाईच्या माणसाने डावीकडून. पुण्यात लोक शेजारी शेजारी उभे राहून गप्पा मारतात का अजून?

वकीलबाई

@लंडनची_सून, मारतात. पण "जरा जाऊ द्या" म्हटलं की सरकतात.

जुना_नळ

गिरगावच्या नळावरून आणि पुण्याच्या पोटातून जाणाऱ्या वाटांवरून मला राहवेना. धागा थोडा बाजूला नेतो.

पुण्याच्या जमिनीखालून माणसाने वाट काढली ती मेट्रोने पहिल्यांदा नव्हे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावाचं पाणी बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं. हा नळ म्हणजे आपल्या डोळ्यापुढचा पाइप नव्हे. बऱ्याच ठिकाणी माणूस आत उतरून चालू शकेल एवढं ते भुयार. पंप नाही, काही नाही, नुसत्या उताराने पाणी पेठेत येई आणि हौदांत पडे. मधे मधे हवेसाठी आणि साफसफाईसाठी वर उघडणारे उच्छ्वास ठेवलेले. वकीलबाईंनी छतातून येणाऱ्या उन्हाचं लिहिलं तेव्हा मला ते उच्छ्वासच आठवले. जमिनीखाली काही बांधायचं तर त्याला वर श्वास ठेवायचा, ही समज आपल्या गावात जुनी आहे.

२०१९ च्या मार्चमध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना एक जुनं भुयार सापडलं होतं. ते जुन्या पाणीपुरवठ्याचं असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. मी बघायला गेलो होतो, लांबूनच दिसलं. अंधारी कमान आणि तिच्या तोंडाशी पिवळी हेल्मेटं.

आणि आता स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. कात्रजहून पाणी जमिनीखालून पेठेत आलं, आता पेठेतली माणसं जमिनीखालून कात्रजला जाणार. मला हा विचार सुचला त्या रात्री झोप लागली नाही.

खडकफोड्या

@जुना_नळ, पंपाशिवाय सगळा उताराचा हिशेब! आजची उपकरणं हाताशी असून आम्हाला उतार सांभाळताना घाम फुटतो. त्या माणसांनी काय डोळे लावले असतील. नमस्कार त्यांना.

चालतीबोलती

दोघांचे प्रतिसाद मुलाला वाचून दाखवले. तो विचारतोय, नळात मासे येत होते का?

जुना_नळ

तलावातून यायचं ना पाणी! चुकून एखादा आला असेल. मुलाला सांगा, पुढच्या महिन्यात कात्रजला घेऊन जातो.

सह्याद्रीपुत्र

खडकफोड्या, उताराचा हिशेब पटला. नदी मी विचारातच घेतली नव्हती. पेठांचंही पटलं. पुलाचा हट्ट सोडला. लिफ्टचा मात्र सोडत नाही. खोल स्थानक बांधलं की लिफ्ट ही सोय राहत नाही, तो रस्ता असतो. रस्ता बंद करताना जसा आधी फलक लावतात, पर्यायी वाट सांगतात, तसं लिफ्ट दुरुस्तीला असेल तेव्हा वरच, तिकीट काढण्याआधी कळायला हवं. सगळ्याच शहरांत.

खडकफोड्या

शंभर टक्के. आणि दुरुस्ती शक्यतो रात्री, गाड्या बंद झाल्यावर.

वकीलबाई

अनुमोदन. अंध आणि अपंग मंडळींसाठी तर फारच.

शुक्रवारपेठी

विसर्जनाच्या रात्री मी आणि मुलगी मंडईहून भुयारी मेट्रोने परतलो. २०२५ ला मेट्रो रात्रभर चालू होती. वर ढोल-ताशा कानठळ्या बसवणारा, आणि चार मिनिटांत खाली फलाटावर इतकी शांतता की मुलीच्या पायातले चाळ ऐकू आले. तिच्या केसांत गुलाल, समोरच्या बाकावरच्या काकांच्या टोपीवर गुलाल. अनोळखी माणसं, पण सगळी एकमेकांकडे बघून हसत होती.

टांगेवाला

अपर्णाताई, गेलात की नाही?

अपर्णा_आनंदनगर

धागा वर काढतेय. काल गेलो! आधी सगळ्यांचे आभार. आता सांगते.

दुपारी साडेबाराला आनंदनगरहून बसलो. आईने चालतीबोलतींच्या सांगण्याप्रमाणे निऱ्या वर घेतल्या होत्या, काठी उजव्या हातात. गाडीत एका मुलाने उठून जागा दिली. नदीकाठाने जाताना ती खिडकीतून बघत होती, पाणी कुठवर आहे ते.

न्यायालय स्थानकात उतरल्यावर मी व्हीलचेअर विचारते म्हटलं, तर "मी चालणार" म्हणाली. लिफ्ट बदलायला थोडं चालावं लागलं, वकीलबाईंनी लिहिलंय तसंच. मध्ये एकदा भिंतीला हात टेकून उभी राहिली. मला वाटलं पाय दुखला. "नाही गं, भिंत गार आहे का बघतेय. तळघर म्हणजे गार हवं," म्हणाली. त्यांच्या वाड्याला तळघर होतं, तिथे उन्हाळ्यात मुलं झोपायची, हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या लिफ्टमध्ये तिने माझं मनगट धरलं. घट्ट. दार उघडलं आणि समोर ऊन. मी काही सांगायच्या आधीच ती थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "हे अंगण केलंय की यांनी." पाच मिनिटं बाकावर बसलो. एक गाडी सोडली. घाई कुणाला होती?

मंडईला वर आल्यावर तो दगडी मनोरा दिसला. "रे मार्केट म्हणायचे माझे आजोबा," म्हणाली. १८८६ ची इमारत, नाव बदलून किती वर्षं झाली, पण आजोबांचं नाव तिच्या तोंडात तसंच. मग भाजी. दीड तास! चुका, चाकवत, कोवळा दुधी नखाने टोचून, वाल सोलून दाणा बघून. गवारीच्या भावावरून भाजीवालीशी घासाघीस करताना तिचा आवाज असा काही चढला की मी बघतच राहिले. दोन वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. शेवटी भाजीवालीने मूठभर कोथिंबीर वर टाकली.

परत येताना दमली होती, म्हणून व्हीलचेअर घेतली. @सह्याद्रीपुत्र, सगळ्या लिफ्ट चालू होत्या. दर वेळी दार उघडलं की मला तुमच्या सासूबाई आठवल्या.

सह्याद्रीपुत्र

वाचून घशाशी आलं. सासूबाईंना दाखवतो. त्यांचं माहेर नारायण पेठेतलं.

वकीलबाई

"हे अंगण केलंय की यांनी." 🙏 उद्या कामावर जाताना त्याच बाकावर दोन मिनिटं बसणार.

शुक्रवारपेठी

गवार काय भावाने दिली शेवटी?

अपर्णा_आनंदनगर

@शुक्रवारपेठी, आई सांगू देत नाहीये. म्हणते, भाजीवालीचं नुकसान होईल, मग सगळे त्याच भावाने मागतील 😄

नवी_सदस्य_४१

मी आजच सभासद झाले, हा धागा वाचून. माझे वडील पूर्ण वेळ व्हीलचेअरवर असतात. आम्ही पिंपरीहून निघून स्वारगेटला मामाकडे जायचं म्हणतोय. त्यात गाडी बदलावी लागत नाही ना? आणि स्वतःची व्हीलचेअर डब्यात चढवता येते का?

टांगेवाला

@नवी_सदस्य_४१, स्वागत. गाडी बदलायची नाही, पिंपरी ते स्वारगेट एकच मार्ग. फलाट आणि डबा सपाटीला असतात, फट अगदी थोडी. खुर्चीची मोठी चाकं आधी आत घ्या, म्हणजे पुढची छोटी चाकं फटीत अडकणार नाहीत. कधी जाताय ते कळवा. मी पिंपरीतच राहतो, स्थानकापर्यंत सोबतीला येतो.